रेडा, घोडा आणि मनातला आवाज

आजचा विषय जाहीर झाला तेव्हापासून आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला जातोय. प्राणी विचार करतात की नाही, ते एकदाचं हो किंवा नाही मध्ये सांगून टाका. त्यांच्या मनात आपल्यासारखं काही बोलणं चालतं का, तेही सांगा. उत्तराकडे आपण येणारच आहोत. पण त्याआधी आपल्याला या प्रश्नाचीच झडती घ्यायची आहे. आमचं म्हणणं असं की हे दोन प्रश्न आहेत, आपण त्यांची एकच गाठ मारून ठेवली आहे, आणि त्या गाठीची किंमत भलत्यांनीच मोजली आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. पैठणची गोष्ट. शुद्धिपत्र मागायला ही भावंडं तिथल्या ब्रह्मसभेपुढे उभी आहेत. कुणीतरी टोमणा मारतो की नावात काय आहे, त्या पखालीच्या रेड्याचं नावही ज्ञानाच आहे. ज्ञानदेव म्हणतात, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. मग रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला जातो आणि वळ उठतात ज्ञानदेवांच्या पाठीवर. तेवढ्याने सभेचं समाधान होत नाही. एवढं आहे तर त्याच्या तोंडून वेद म्हणवून दाखव, अशी मागणी होते. ज्ञानदेव रेड्याच्या मस्तकावर हात ठेवतात आणि रेडा वेद म्हणू लागतो. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात आळे गावी त्या रेड्याची समाधी आहे, तिथे आजही लोक जातात.

आता ही गोष्ट इतिहास म्हणून खरी की खोटी, या वादात आपण जाणार नाही. गोष्ट म्हणून ती काय करते ते बघू. तिच्यात दोन चमत्कार आहेत. पहिल्यात जनावराची वेदना माणसाच्या अंगावर उमटते. दुसऱ्यात जनावर माणसाच्या भाषेत बोलतं. लक्षात कुठला राहिला? दुसरा. चित्रांत, कीर्तनांत, शाळेच्या पुस्तकांत रेडा वेद बोलतानाच दिसतो. वळांचा भाग सांगितला जातो, नाही असं नाही, पण घाईघाईने. सभेला पटलं ते बोलण्याने. वळ उठले त्याच क्षणी ‘या जनावराला आत काहीतरी आहे’ हे सिद्ध झालं होतं, पण तो पुरावा पुरेसा धरला गेला नाही.

आमचा मुद्दा इथूनच सुरू होतो. जनावराला मन आहे हे मान्य करायचं तर त्याने आधी आपल्या भाषेत परीक्षा द्यावी, ही अट फार जुनी आहे. आणि ती फक्त पुराणातली नाही. विज्ञानातही ती अट होती, आणि तिथे तिची सगळ्यात गाजलेली परीक्षा झाली बर्लिनमध्ये, 1904 साली.

बर्लिनचं अंगण

विल्हेल्म फॉन ऑस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे एक घोडा होता, हान्स. फॉन ऑस्टेन यांची ठाम समजूत होती की घोड्याला बुद्धी आहे, फक्त त्याला कुणी शाळेत घातलेलं नाही. म्हणून त्यांनी शाळा काढली. काही वर्षं रोज, घराच्या अंगणात, फळा, मणी, अक्षरांचे तक्ते घेऊन घोड्याला शिकवलं. शिक्षा म्हणून चाबूक नाही, बक्षीस म्हणून गाजर आणि पाव. हान्स पुढच्या पायाचा खूर आपटून उत्तर द्यायचा. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, तारीख, घड्याळातली वेळ, सगळं. लोक बघायला यायचे. फॉन ऑस्टेन यांनी कधी तिकीट लावलं नाही, हे लक्षात ठेवा. त्यांना लबाड ठरवणं सोपं आहे, पण तो माणूस लबाड नव्हता.

1904 च्या सप्टेंबरात एका समितीने तपास केला. तिच्यात मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ होते, जनावरांचे डॉक्टर होते, सर्कशीतला जाणकारही होता. समितीने सांगितलं, हातचलाखी काही सापडली नाही. मग श्टुम्फ यांनी हे काम त्यांच्या हाताखालच्या ओस्कार फुंग्स्ट यांच्याकडे दिलं. फुंग्स्ट यांनी जे केलं ते आजही मानसशास्त्राच्या वर्गात शिकवतात. त्यांनी प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नाही अशी व्यवस्था केली. आकडा लिहिलेला पत्ता घोड्याला दिसतो, पण धरणाऱ्याने तो पाहिलेला नाही. एक जण घोड्याच्या कानात एक संख्या सांगतो, दुसरा दुसरी, आणि बेरीज कुणालाच ठाऊक नाही. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असताना हान्सची बहुतेक सगळी उत्तरं बरोबर यायची. माहीत नसताना शंभरात दहाही बरोबर येईनात. डोळ्यांना झापडं लावून विचारणारा दिसेनासा केला, तरी गाडी घसरली.

म्हणजे झालं काय होतं? प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत खुराकडे बघायला किंचित वाकतो. ठोके बरोबर आकड्याला पोचले की तो, पुन्हा नकळत, डोकं जरासं वर करतो. ‘जरासं’ म्हणजे किती, तर मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. वाकल्यावर हान्स ठोके सुरू करायचा, डोकं वर झालं की थांबायचा. फॉन ऑस्टेन यांना हे माहीत नव्हतं. इतर विचारणाऱ्यांना माहीत नव्हतं. खुद्द फुंग्स्ट यांना कळल्यावरसुद्धा ती हालचाल दाबणं अवघड गेलं.

आता यापुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. फुंग्स्ट यांनी स्वतः घोडा व्हायचं ठरवलं. लोकांना म्हणाले, मनात एक आकडा धरा. मग स्वतः हाताने ठोके देत गेले आणि समोरच्याचं डोकं हललं की थांबले. पंचवीस जणांपैकी दोघे सोडून सगळे त्यांना असे ‘वाचता’ आले. पण ते प्रशिक्षित शास्त्रज्ञ होते आणि काय शोधायचं हे त्यांना आधी ठाऊक होतं. हान्सला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याने ते स्वतः शोधलं.

या प्रसंगाचं जे वाचन प्रचलित झालं त्यावर आमची पहिली टीका आहे. ‘हुशार हान्स’ म्हणजे फजितीची गोष्ट, असं ते वाचन. घोडा हुशार वगैरे काही नव्हता, खुणा बघत होता. आता जरा थांबून बघा. बर्लिनच्या अंगणात दोन परीक्षा चालल्या होत्या. एक गणिताची, तिच्यात घोडा नापास झाला. दुसरी कुणी घेतलीच नव्हती, समोरच्याचं अंतःकरण त्याच्या मानेवरून वाचण्याची. तिच्यात घोड्याने प्राध्यापक, अधिकारी, डॉक्टर सगळ्यांना मागे टाकलं. ते सगळे रोज एकमेकांच्या समोर उभे होते आणि कुणालाही एकमेकांची ती हालचाल दिसली नव्हती. एका जातीच्या प्राण्याने दुसऱ्या जातीच्या प्राण्याच्या अपेक्षेचा क्षण पकडला. याला काय म्हणायचं? ‘नुसत्या खुणा’? मग आपण एकमेकांचे चेहरे वाचतो त्याला काय म्हणायचं?

आम्ही असं म्हणत नाही की हान्सच्या मनात ‘आता याचं डोकं वर झालं, थांबावं’ असं वाक्य उमटत होतं. तसं म्हणायला आधार नाही. आमचं म्हणणं एवढंच की वाक्य उमटत नव्हतं यावरून आत काही घडतच नव्हतं, असा निष्कर्ष निघत नाही. मधे फार मोठी जागा आहे. आणि तीच जागा पुढची कित्येक वर्षं रिकामी धरली गेली.

स्वरयंत्रातला विचार

ती रिकामी का धरली गेली, ते थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राण्यांच्या बुद्धीवर लिहिणारे रोमेन्ससारखे लोक ऐकीव किस्से भरपूर वापरत. त्याला आळा घालायला लॉइड मॉर्गन यांनी 1894 मध्ये एक नियम मांडला. एखादी कृती साध्या मानसिक क्षमतेने समजावता येत असेल तर तिच्यासाठी वरच्या पायरीची क्षमता गृहीत धरू नका. नियम चांगलाच आहे. स्वतः मॉर्गन यांनी प्राण्यांना मन नाही असं कधी म्हटलं नव्हतं. पण हान्सच्या फजितीनंतर शिस्तीसाठी केलेल्या या नियमाचा वापर दाराला लावायच्या कुलपासारखा झाला.

मग 1913 मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन आले. ते म्हणाले, मनाबिनाची भाषाच सोडा, बाहेरून दिसणारं वर्तन मोजा. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचं एक मत फार महत्त्वाचं आहे. माणसाचा विचार म्हणजे काय, तर दबलेलं बोलणं. स्वरयंत्राच्या अगदी बारीक हालचाली. म्हणजे बोलणं हाच विचार. या व्याख्येत प्राणी आपोआपच बाद होतात.

या मताची परीक्षाही झाली, आणि ती कुणी दिली तर एका डॉक्टरने स्वतःच्या शरीरावर. 1947 साली स्कॉट स्मिथ नावाच्या भूलतज्ज्ञाने क्युरारे घेतलं. हे औषध स्नायू संपूर्ण लुळे करतं. बोट हलत नाही, पापणी उचलत नाही, श्वाससुद्धा दुसऱ्यांनी द्यावा लागतो. स्वरयंत्राची हालचाल होण्याचा प्रश्नच नाही. औषध उतरल्यावर स्मिथ यांनी सांगितलं की ते पूर्णवेळ शुद्धीवर होते, काय चाललंय ते कळत होतं. स्नायूंशिवाय विचार चालला होता.

अर्थात कुणी म्हणेल, स्वरयंत्र नसेल हो, पण मेंदूत शब्द तर होतेच ना. बरोबर. स्मिथ यांच्या धाडसाने वॉटसन पडतात, शब्दांचा दावा पडत नाही. म्हणून आपल्याला आता माणसाच्याच डोक्यात शिरायला हवं.

तुमच्या डोक्यात कोण बोलतं?

इथे शब्दाबद्दल एक खुलासा. मराठीत ‘आतला आवाज’ म्हटलं की सदसद्विवेक डोळ्यापुढे येतो. आज तो अर्थ नाही. आज आपण बोलतोय ते ‘अरे, गॅस बंद केला का?’ या आवाजाबद्दल. नाटकातलं स्वगत, फक्त प्रेक्षकांना न ऐकू येणारं.

हे स्वगत येतं कुठून? रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी 1934 च्या पुस्तकात याचं उत्तर दिलं, आणि ते मोठ्या प्रमाणात टिकलं आहे. मूल आधी इतरांशी बोलतं. मग खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलतं. ‘हे इथे ठेवू, आता हे पडलं.’ आपण सगळ्यांनी घरात हे ऐकलंय. शाळेच्या वयात हे बोलणं हळूहळू आत जातं आणि मनातला आवाज होतो. म्हणजे मनातला आवाज हा जन्मतः मिळालेला दिवा नव्हे, तो समाजाकडून उसना घेतलेला आहे.

याचा अर्थ काय होतो ते बघा. दीड वर्षाचं मूल. त्याच्याकडे आपल्यासारखं स्वगत नाही. तुम्ही त्याच्या देखत बिस्किटाचा डबा कपाटात लपवता. तुमची पाठ फिरली की ते खुर्ची ओढत कपाटाकडे निघतं. त्या मुलाने विचार केला नाही, असं म्हणायची कुणा आजीची छाती आहे? मुलाला आपण जी सवलत देतो ती मांजराला देत नाही, कारण मूल पुढे बोलणार आहे. आपण भविष्यातल्या बोलण्याच्या जामिनावर त्याला आजचं मन देतो.

आणि मोठ्या माणसांचं काय? अमेरिकेतले रसेल हर्लबर्ट अनेक वर्षं एक साधा प्रयोग करत आले. माणसाकडे एक छोटं यंत्र द्यायचं, ते दिवसातून केव्हाही वाजतं. वाजण्याच्या ऐन आधीच्या क्षणी मनात काय होतं ते टिपायचं आणि नंतर त्यावर बारकाईने चर्चा करायची. शब्दांत चाललेलं स्वगत सरासरी जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या नोंदींत सापडलं. काही माणसांत ते एकदाही नाही, काहींत निम्म्याहून जास्त वेळा. बाकीच्या वेळी चित्रं होती, भावना होत्या, अंगाची जाणीव होती, आणि कित्येकदा शब्दही नाहीत न् चित्रही नाही असा निव्वळ विचार होता. गंमत म्हणजे ‘मी तर सतत मनात बोलत असतो’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांच्या नोंदी पुष्कळदा वेगळंच सांगत. आपल्या स्वतःच्या मनाचे आपण फार विश्वासू साक्षीदार नाही.

याहून थेट पुरावा आजारपणातून येतो. पक्षाघातात कधीकधी मेंदूचा भाषेचा भाग इतका जातो की वाक्य करताही येत नाही आणि समजतही नाही. रोझमेरी व्हार्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये अशा तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोण कुणाच्या मागे धावलं हे वाक्याच्या रचनेवरून त्यांना ओळखता येत नव्हतं. पण गणितं त्यांना येत होती, कंसातली सुद्धा. भाषा गेली होती, विचार शिल्लक होता.

आता पणाला काय लागलं आहे ते स्पष्ट होईल. ‘शब्द नाही तर विचार नाही’ ही फूटपट्टी जनावरांसाठी काढलेली असली तरी तिने माणसं मोजली गेली आहेत. जन्मतः ऐकू न येणाऱ्या माणसांना शतकानुशतकं बुद्धिहीन धरलं गेलं, कारण ती तोंडाने बोलत नव्हती. 1880 साली मिलान इथे भरलेल्या परिषदेत बधिर मुलांच्या शिक्षणातून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव झाला. मुलांचे हात धरून ठेवायचे आणि तोंडातून आवाज काढायला लावायचा. पुढच्या काही पिढ्या त्यात होरपळल्या. ज्यांच्याकडे पूर्ण भाषा होती, तीही आपल्याला ऐकू आली नाही, कारण ती कानाला ऐकू येण्यासारखी नव्हती. तेव्हा हा प्रश्न पक्ष्याप्राण्यांच्या हौशी मंडळींचा आहे असं समजू नका.

शब्दाविना

मग प्राण्यांकडे शब्दाविना काय सापडतं? उदाहरणं ढीगभर देता येतील. आम्ही दोनच घेतो, पण नीट घेतो.

पहिलं, कावळ्याच्या कुळातला स्क्रब जे नावाचा पक्षी. तो अन्न लपवून ठेवतो. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी 1998 मध्ये त्याला दोन गोष्टी लपवायला दिल्या. अळ्या, ज्या त्याला फार आवडतात पण लवकर सडतात, आणि शेंगदाणे, जे टिकतात. चार तासांनी सोडलं तर पक्षी थेट अळ्यांच्या जागी जात. एकशे चोवीस तासांनी सोडलं तर अळ्या सोडून शेंगदाण्यांकडे जात. वासाने कळू नये म्हणून लपवलेलं सगळं आधी काढून घेतलेलं होतं. आणि अळ्या सडतात हा अनुभव ज्या पक्ष्यांना दिला नव्हता ते अळ्यांकडेच जात राहिले. म्हणजे काय लपवलं, कुठे लपवलं आणि किती वेळ झाला, या तिन्हींचा मेळ त्या डोक्यात होता.

2001 मध्ये नेथन एमरी आणि क्लेटन यांनी पुढची पायरी गाठली. अन्न लपवताना दुसरा पक्षी बघत असेल, तर हा पक्षी नंतर एकटा सापडल्यावर येऊन ते काढतो आणि नव्या जागी लपवतो. पण सगळे पक्षी असं करत नाहीत. ज्यांनी स्वतः पूर्वी दुसऱ्याचं चोरलेलं आहे तेच करतात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसंच. इथे मॉर्गन यांचा नियम जरूर लावा. साधं स्पष्टीकरण शोधणारे संशोधक आहेत, त्यांचा वाद चालू आहे आणि तो चालायलाच हवा. पण ‘काही नाही, नुसती सवय’ या उत्तराला आता हान्सच्या काळातला आराम राहिलेला नाही.

दुसरं उदाहरण झेब्रा फिंचचं. पिंजऱ्यात पाळतात ती छोटी, लाल चोचीची चिमणी. यातला नर लहानपणी मोठ्या नराचं ऐकून गाणं शिकतो, बरंचसं आपली मुलं बोलणं शिकतात तसं. 2000 साली अमीश दवे आणि डॅनियल मार्गोलियाश यांनी दाखवलं की गाताना या पक्ष्याच्या मेंदूतल्या ठरावीक पेशी ज्या क्रमाने पेटतात, साधारण त्याच क्रमाने त्या झोपेतही पेटतात. चोच बंद, गळा शांत, आणि आत गाण्याची उजळणी.

इथे मोह होतो. वाटतं, सापडला की हो, आतला आवाज! पण सबुरीने घेऊ. मेंदूतली उजळणी सापडली आहे. त्या चिमणीला ती ‘ऐकू’ येते का, हे सापडलेलं नाही. एवढं मात्र म्हणता येतं की बाहेरचा आवाज शिकायचा, आत साठवायचा आणि आवाज न काढता पुन्हा चालवायचा, ही यंत्रणा फक्त माणसाकडे आहे असं आता म्हणता येत नाही. वायगॉट्स्की यांच्या मुलाचं बोलणं जसं आत गेलं तसं काहीतरी, शब्दांशिवाय.

वटवाघळाचं कुलूप

आता एका गाजलेल्या निबंधाकडे येऊ, कारण ‘ऐकू येतं का’ या प्रश्नापाशी सगळे त्याच्या आडोशाला जातात. टॉमस नेगेल, 1974. वटवाघूळ असणं कसं असतं, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्याचं उत्तर विज्ञान बाहेरून देऊ शकणार नाही, असं त्यांचं म्हणणं. वटवाघळाला असा अनुभव असतो, हे नेगेल धरूनच चालतात, हे महत्त्वाचं. निबंध उत्तम आहे. आमची टीका निबंधापेक्षा त्याच्या वापरावर आहे. ‘कळूच शकत नाही’ म्हणजे ‘विचारायची गरज नाही’, असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावला गेला.

पण निबंधावरही एक टीका आहेच. नेगेल यांचा प्रश्न पूर्ण आत शिरण्याची अट घालतो. आत शिरता आलं तर ज्ञान, नाहीतर अज्ञान. व्यवहारात आपण एकमेकांनाही असं ओळखत नाही. तीस वर्षांच्या संसारानंतर माणूस म्हणतो, ‘हिच्या मनात काय चाललंय कळत नाही’, आणि तरी तिचं डोकं दुखतंय हे तिच्या चहाच्या कपावरून ओळखतो. अर्धंमुर्धं कळणं हेही कळणंच आहे. वटवाघूळ प्रतिध्वनीवर उडतं हे ज्यांनी सहकाऱ्याबरोबर दाखवून दिलं ते डोनाल्ड ग्रिफिन. त्याच ग्रिफिन यांनी 1976 मध्ये प्राण्यांच्या जाणिवेचा प्रश्न पुन्हा विज्ञानाच्या टेबलावर आणला आणि त्यासाठी टीका सोसली. वटवाघळाचं जग बाहेरून जितकं उलगडेल तितकं त्यांनी उलगडलं होतं. म्हणून ते पुढचं विचारायचं धाडस करू शकले.

मुकं जनावर

शेवटाकडे येताना आपल्या भाषेकडे वळू. आपण ‘मुकं जनावर’ म्हणतो. दयेने म्हणतो. पण त्याच मराठीत गाय हंबरते, बैल डुरकतो, घोडा खिंकाळतो, कुत्रं केकाटतं, मांजर गुरगुरतं. प्रत्येकाच्या आवाजाला वेगळं क्रियापद देणाऱ्या भाषेने त्या सगळ्यांना मुकं ठरवलं, ही मोठी विचित्र गोष्ट आहे. मुकं म्हणजे आवाज नसलेलं नव्हे. मुकं म्हणजे ज्याची साक्ष चालत नाही ते.

साक्षीचा विषय निघाला म्हणून कायदा. बेंथॅम यांनी 1789 च्या ग्रंथात प्रश्नच बदलला होता. जनावरं बोलतात का, तर्क करतात का, हे सोडा, त्यांना दुःख होतं का ते विचारा. आपला 1960 चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा त्याच वाटेवरचा आहे, तो अनावश्यक वेदनेबद्दल बोलतो. बैलगाडा शर्यतींचा वाद त्यातूनच गेला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर आणि जल्लिकट्टूवर बंदी आणली. राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि 2023 मध्ये घटनापीठाने त्या वैध ठरवल्या. निकालाची बाजू घ्यायला आम्ही इथे उभे नाही. एक गोष्ट मात्र नोंदवू. दोन्ही बाजू बैलाच्या वतीने बोलत होत्या. एक म्हणते त्याला भीती वाटते, दुसरी म्हणते तो आमच्या घरातलाच आहे, त्याला धावायला आवडतं. पिढ्यान् पिढ्या बैल राखणारा माणूस त्याच्या कानाच्या हालचालीवरून पुष्कळ काही ओळखतो, हे खरं. आणि हान्सचा मालकही आपल्या घोड्यावर जीव टाकत होता, त्याला घोड्याच्या डोक्यात भलतंच दिसत होतं, हेही खरं. माया हा पुरावा नव्हे. पण पुरावा शोधायला लागणारी चिकाटी मायेतूनच येते.

हान्सचं पुढे काय झालं? तपासाचा निकाल लागल्यावर फॉन ऑस्टेन घोड्यावरच चिडले. 1909 मध्ये ते वारले. हान्स दुसऱ्या मालकाकडे गेला आणि पहिल्या महायुद्धात इतर हजारो घोड्यांसारखा लष्करी कामाला जुंपला गेला. माणसाच्या मानेतली केसाएवढी हालचाल वाचणारा तो प्राणी. त्याला गणित येत नाही हे एकदा ठरलं, आणि मग त्याला काय येतं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

तर उत्तर. माणसाचं शब्दांतलं स्वगत प्राण्यांत असण्याचा पुरावा नाही, आणि ते असावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. विचार मात्र त्या स्वगतापेक्षा फार जुना आणि फार रुंद आहे. त्यातला बराचसा आपल्यातही शब्दाविनाच चालतो. यापुढे पैठणची गोष्ट सांगाल तेव्हा वेदांपाशी घाई करा, हरकत नाही, पण वळांपाशी थोडं थांबा.

श्रोत्यांचे प्रश्न

मागच्या रांगेतल्या ताईंचा प्रश्न आहे, की त्या घरी पोचण्याआधीच त्यांचा कुत्रा दारात येऊन बसतो, त्याला मनातलं कळतं का? ताई, कळत असेल, पण मनातलं कळतं म्हणण्याआधी फुंग्स्ट यांचं काम करून बघा. वेगळ्या वेळी या. रिक्षाने या. घरच्यांना वेळ सांगू नका, कारण घरचे घड्याळाकडे बघतात आणि कुत्रा घरच्यांकडे बघतो. तरीही तो दारात आला तर नवीन काहीतरी कळेल. आणि नाही आला, तर घरच्यांच्या चेहऱ्यावर तो तुमची वाट वाचत होता हे कळेल. आमच्या मते दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा कमी सुंदर नाही.

दुसरा प्रश्न, चिंपांझींना खुणांची भाषा शिकवली होती ना? हो. 1966 पासून गार्डनर दांपत्याने वॉशो नावाच्या चिंपांझीला शिकवलं. नंतर हर्बर्ट टेरेस यांनी निम नावाच्या चिंपांझीबरोबर काम केलं आणि 1979 मध्ये चित्रफिती तपासून स्वतःच जाहीर केलं की निमच्या बऱ्याचशा खुणा शिक्षकांच्या खुणांची नक्कल होत्या, त्यांत वाक्यरचना नव्हती. आपल्या प्रयोगाबद्दल असं सांगायला धैर्य लागतं. पण बघा, पुन्हा तेच अंगण आहे. निमने पहिली काही वर्षं माणसांत काढली, त्यांच्याकडून हवं ते मिळवायला शिकला, आणि आपण त्याला विचारत राहिलो ते व्याकरण.